बेगडाचे मोल

पत्त्यांच्या खेळात पानाच्या पाठीला त्याच्या तोंडाइतकेच महत्त्व असते. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी रंगवलेल्या दशावतारी गंजिफेच्या १२० पानांवर पुढून मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांची चिन्हे निरनिराळी दिसत असली, तरी मागून सगळी पाने एकाच रंगात रंगवलेली असत; कारण एखादे पान पाठीवरून ओळखू आले की डाव तेथेच संपतो. संग्रहाचा धर्म याच्या नेमका उलट आहे. संग्राहकाला आपली वस्तू इतरांच्या वस्तूंहून वेगळी हवी असते आणि तो वेगळेपणा डोळ्यांत भरावा अशीही त्याची इच्छा असते. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत जन्मलेल्या संग्राह्य पत्त्यांच्या खेळाने हे दोन्ही धर्म एकाच कागदी चौकटीवर लादले, आणि त्यांच्यातील ताण ‘फॉइल’ नावाच्या चकाकत्या पत्त्यांच्या इतिहासात जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसत असेल.

मखर, ताबूत, नाटकातले मुकुट यांना चिकटवण्याच्या रंगीत, चकचकीत, अतिशय पातळ वर्खाला मराठीत ‘बेगड’ म्हणतात. त्या शब्दापासून बनलेले ‘बेगडी’ हे विशेषण वरून झगमगणाऱ्या आणि आतून पोकळ असलेल्या वस्तूसाठी वापरले जाते. फॉइल पत्ता हा शब्दशः बेगड लावलेला पत्ता असतो. तो बेगडी आहे की नाही, या प्रश्नावर मात्र खेळणारे आणि जमवणारे यांचे गेल्या पंचवीस वर्षांत एकमत झालेले नाही.

ज्या खेळाभोवती हा इतिहास फिरतो तो ‘मॅजिक: द गॅदरिंग’ ऑगस्ट १९९३ मध्ये बाजारात आला. त्याचा कर्ता रिचर्ड गारफिल्ड हा गणिताचा अभ्यासक होता आणि त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून त्याने चयनगणितात, म्हणजे वस्तूंच्या निवडी आणि जुळण्या मोजण्याच्या गणितशाखेत, डॉक्टरेट मिळवली. सिएटलजवळ ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ ही छोटी कंपनी चालवणाऱ्या पीटर ॲडकिसनकडे तो प्रथम वेगळाच, पटावरचा एक खेळ घेऊन गेला होता. तो खेळ छापण्याचा खर्च कंपनीला झेपणारा नव्हता, म्हणून संमेलनांच्या मधल्या वेळात झटपट मांडता येईल आणि खिशात मावेल असा काही खेळ रचण्यास ॲडकिसनने त्याला सुचवले. गारफिल्डने रचलेल्या खेळात प्रत्येक खेळाडू हा मांत्रिक असतो, पत्ते हे त्याचे मंत्र, त्याचे प्राणी आणि त्याची भूमी असतात. सर्वांत मोठी नवलाई अशी की खेळण्यासाठी सर्वांचा मिळून एक कॅट नसतो, तर प्रत्येकाने आपापला कॅट स्वतः जुळवायचा असतो. पत्ते मोहोरबंद पाकिटांतून विकले जात. अशा पाकिटाला ‘बूस्टर’ म्हणतात. त्यात पंधरा पत्ते असत आणि ते कोणते, हे फोडल्याशिवाय कळत नसे. पत्त्यांचे सामान्य, असामान्य आणि दुर्मीळ असे तीन वर्ग पाडलेले होते. प्रबळ पत्ते विरळ असावेत, म्हणजे एका गावातील खेळाडूंच्या मंडळात एखादा जबर पत्ता एकाच्याच हाती असेल आणि बाकीच्यांना त्याची दंतकथेसारखी धास्ती वाटेल, अशी या वर्गवारीमागची कल्पना होती. माणसे पेट्याच्या पेट्या विकत घेतील, हा हिशेब त्या कल्पनेत नव्हता.

पहिल्या छपाईत, जिला ‘अल्फा’ म्हणतात, सुमारे २६ लाख पत्ते निघाले आणि ते पाहता पाहता संपले. त्यातील दुर्मीळ वर्गाच्या प्रत्येक पत्त्याच्या साधारण ११०० प्रती जगात आल्या. ‘ब्लॅक लोटस’ हा खेळातील सर्वांत प्रसिद्ध पत्ता त्यांपैकीच एक होय. बेल्जियममधील टर्नहाउट या पत्त्यांच्या छपाईसाठी जुन्या काळापासून नावाजलेल्या गावातील ‘कार्टा मुंडी’ कंपनीत हे पत्ते छापले गेले. अल्फाच्या पत्त्यांचे कोपरे पुढच्या छपाईपेक्षा जास्त गोलसर कापले गेले होते, त्यामुळे ते इतर पत्त्यांत मिसळले की पाठीवरूनही ओळखू येत आणि अपारदर्शक आवरणात घातल्याशिवाय ते स्पर्धेत वापरणे अयोग्य ठरे. जो पत्ता सर्वांत मोलाचा तोच खेळायला सर्वांत अडचणीचा, हा विरोधाभास फॉइल येण्याच्या पाच वर्षे आधीच या खेळाच्या पदरी पडला होता.

मागणी पुरी करण्यासाठी पुन्हा छापावे तर आधी घेणाऱ्यांचा ठेवा स्वस्त होतो, आणि न छापावे तर नव्या खेळाडूला पत्ते मिळत नाहीत, या पेचातून कंपनीने प्रथम किनारीच्या रंगाची वाट काढली. आरंभीच्या छपाईची किनार काळी होती. डिसेंबर १९९३ च्या ‘अनलिमिटेड’ छपाईपासून पुनर्मुद्रित पत्त्यांना पांढरी किनार देण्यात आली. पत्ता तोच, त्याची शक्ती तीच, डावातील उपयोग तोच. फक्त काठाच्या रंगावरून किमतीत अंतर पडू लागले. ही युक्ती काही काळ चालली. १९९५ मध्ये ‘क्रॉनिकल्स’ या संचात आधीच्या गाजलेल्या पत्त्यांची पांढऱ्या किनारीची छपाई भरपूर प्रमाणात झाली तेव्हा मूळ पत्त्यांचे भाव कोसळले, संग्राहक आणि दुकानदार खवळले, आणि १९९६ मध्ये कंपनीने ‘राखीव सूची’ जाहीर करून त्या सूचीतील पत्ते पुन्हा छापणार नाही असे वचन दिले. दुर्मिळतेला वचनाचे कुंपण घालण्याची ही रीत पुढे कंपनीच्याच पायात अडकली, हे यथाकाल दिसेलच.

आता चकाकीकडे वळले पाहिजे. तिचा उगम खेळांच्या दुनियेत नाही. प्रकाशलहरींची नोंद करून वस्तूची घन प्रतिमा उभी करण्याचे ‘होलोग्राफी’ हे तंत्र डेनिस गाबोर या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये मांडले आणि १९७१ मध्ये त्याला त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. साध्या उजेडात दिसणारी इंद्रधनुषी प्रतिमा धातूचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकच्या पापुद्र्यावर ठशाने उमटवता येऊ लागली, तेव्हा तिचा पहिला मोठा उपयोग १९८० च्या दशकात क्रेडिट कार्डांवर, बनावटगिरी रोखण्यासाठी झाला. १९८९ मध्ये ‘अपर डेक’ या नव्या कंपनीने बेसबॉलपटूंच्या चित्रपत्त्यांवर तशीच मोहोर लावली, आणि पुढच्याच वर्षी मार्व्हलच्या अतिमानवांच्या पत्त्यांत पाच होलोग्राम पत्ते विरळ बक्षिसासारखे पेरले गेले. खरेपणाचा पुरावा म्हणून आलेली चकाकी वर्षभरात हावेचा विषय झाली, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

जपानमध्ये ही हाव त्याही आधी ओळखली गेली होती. लोट्टे कंपनीच्या ‘बिक्कुरिमान’ या चॉकलेट वेफरबरोबर १९८५ पासून देव आणि दैत्य यांच्या लढाईचे स्टिकर मिळत. त्यांतील चकाकणारे प्रमुख पात्रांचे स्टिकर क्वचितच निघत असल्यामुळे मुले स्टिकर काढून घेऊन चॉकलेट फेकून देऊ लागली, आणि १९८८ मध्ये तेथील व्यापारविषयक नियामक आयोगाने विरळ आणि सर्रास स्टिकरांतील हा भेद कमी करण्यास कंपनीला भाग पाडले. या पिढीच्या हातात ऑक्टोबर १९९६ मध्ये ‘पोकेमॉन’चा पत्त्यांचा खेळ आला. त्याच्या पहिल्या संचातील १०२ पत्त्यांपैकी १६ पत्त्यांच्या चित्रचौकटीत चकाकता पापुद्रा होता आणि तो पत्त्याच्या दुर्मिळतेचे लक्षण म्हणूनच योजलेला होता, म्हणजे तेथे चकाकी ही पत्त्याची दुसरी आवृत्ती नव्हती तर त्याची मूळ प्रकृती होती. पोकेमॉनची इंग्रजी आवृत्ती जानेवारी १९९९ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टनेच बाजारात आणली. मॅजिकच्या पाकिटांत फॉइल पत्ते आले ते त्याच्या दुसऱ्याच महिन्यात. हा योग निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

फॉइलची चाचणी आधीच झाली होती. १९९८ च्या शरदात ‘उर्झाज सागा’ संचाच्या पूर्वप्रकाशन स्पर्धांत, म्हणजे संच दुकानात येण्यापूर्वी भरणाऱ्या स्पर्धांत, सहभागी होणाऱ्यांना ‘लाइटनिंग ड्रॅगन’ हा पूर्णपणे चकाकणारा पत्ता भेट देण्यात आला. नंतर फेब्रुवारी १९९९ मध्ये आलेल्या ‘उर्झाज लेगसी’ या १४३ पत्त्यांच्या संचात प्रत्येक पत्त्याची एक साधी आणि एक फॉइल अशी दोन रूपे निघाली. फॉइलचे प्रमाण सुमारे शंभर पत्त्यांमागे एक इतके ठेवले होते, आणि त्या फॉइलांतही बहुतेक सामान्य वर्गाचीच असत, त्यामुळे ठरावीक दुर्मीळ पत्त्याचे फॉइल हाती लागायला पाकिटे शेकड्यांनी फोडावी लागत. फॉइल पत्त्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात तुटत्या ताऱ्याची छोटी खूण छापली जाई. २००३ मध्ये पत्त्याची चौकट बदलेपर्यंत ती टिकली आणि आजही त्या काळातील फॉइल ओळखण्याची ती सर्वांत सोपी निशाणी आहे. छपाईची रीत थोडक्यात अशी की पुठ्ठ्यावर चकाकता पापुद्रा चिकटवून त्यावर पारदर्शक शाई छापतात, आणि जेथे चमक नको तेथे आधी पांढऱ्या शाईचा थर देतात. चित्रातील आकाश लखलखावे आणि मजकूर मात्र वाचता यावा, हे सारे कौशल्य त्या पांढऱ्या थराच्या मापात असते.

या घटनेचे महत्त्व केवळ सजावटीचे नव्हते, कारण तोवर दुर्मिळता ही पत्त्याच्या शक्तीशी बांधलेली होती आणि विरळ पत्ता ज्याला परवडेल तो डावही जिंकण्याची शक्यता अधिक होती. फॉइलने एकाच संचात प्रथमच अशी दुर्मिळता निर्माण केली जिच्यामुळे डावात तसूभरही फरक पडत नव्हता. गंजिफेच्या जगात हस्तिदंत, कासवाची पाठ आणि सोन्याचा मुलामा वापरून दरबारासाठी केलेल्या संचांना ‘दरबार कलम’ आणि साध्या कागदाच्या किंवा कापडाच्या लाखरंगी संचांना ‘बाजार कलम’ म्हणत. दोन्हींवर खेळ तोच, नियम तेच. मॅजिकच्या एकाच पाकिटात दरबार आणि बाजार अशा दोन्ही कलमा एकत्र आल्या आणि ज्याला नुसते खेळायचे होते त्याच्या वाट्याचे ओझे काहीसे हलके झाले. खेळाच्या हिताच्या दृष्टीने कंपनीने केलेल्या सुधारणांत ही सर्वांत शहाणपणाची होती, असे मत नोंदवण्यास हरकत नाही.

याहून सूक्ष्म गोष्ट भावांच्या रचनेत दिसते. उर्झाज लेगसीतील ‘रँकॉर’ हा सामान्य वर्गाचा, कोणालाही किरकोळ पैशात मिळणारा पत्ता. परंतु तो अनेक वर्षे अनेकांच्या कॅटमध्ये असल्यामुळे त्याचे फॉइल त्याच संचातील कित्येक न खेळल्या जाणाऱ्या दुर्मीळ फॉइलांपेक्षा महाग झाले. चकाकीला स्वतःचे मोल नव्हते, तिला मोल खेळाने दिले. एखादा पत्ता वर्षानुवर्षे हातात वागवणारा खेळाडू त्याची भरजरी प्रत शोधत असे. जपानी आणि रशियन भाषांतील फॉइलांना इंग्रजी फॉइलांपेक्षा अधिक भाव येई तोही याच कारणाने, कारण पत्ता न वाचताच ओळखण्याइतका तो परिचयाचा आहे, हे त्यातून सूचित होई. एप्रिल २००१ च्या सातव्या आवृत्तीत साध्या पत्त्यांची किनार पांढरी आणि फॉइलांची मात्र काळी होती, शिवाय बहुतेक चित्रे नव्याने काढून घेतलेली होती. त्यामुळे ती फॉइले जुन्या चौकटीच्या संग्राहकांच्या लेखी आजही अग्रस्थानी आहेत.

बेगडाचा दोष मात्र भौतिकशास्त्रातला होता. कागद हवेतील ओलावा शोषून फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो. प्लास्टिक-धातूचा पापुद्रा मात्र यांपैकी काहीच करत नाही. एकमेकांना चिकटलेल्या दोन थरांपैकी एकच हलला की पत्ता धनुष्यासारखा वाकतो, दमट हवेत पुढच्या बाजूला आणि कोरड्या हवेत मागे. मुंबई किंवा कोकणातील पावसाळा ठाऊक असलेल्या वाचकाला याचे स्पष्टीकरण द्यावे लागू नये. संग्राहक डब्यांत ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवतात, वह्यांवर वजने ठेवतात, आणि तरीही २००८ मध्ये ‘फ्रॉम द व्हॉल्ट: ड्रॅगन्स’ या नावाने निघालेल्या पंधरा फॉइलांच्या खास पेटीतील पत्ते वाकण्याबद्दल बदनाम झाले ते झालेच. वाकलेला पत्ता साध्या पत्त्यांच्या गठ्ठ्यात पाठीवरूनही जाणवतो. पत्ते पिसताना आपला मौल्यवान पत्ता कुठे आहे हे बोटांना कळत असेल तर तो ‘खुणेचा पत्ता’ ठरतो आणि पंच त्यावर दंड करू शकतात.

२०१८ साली हा प्रश्न टोकाला गेला. ‘नेक्सस ऑफ फेट’ हा पत्ता पूर्ण पेटी घेणाऱ्या ग्राहकाला भेट म्हणून दिला गेला. तो पाकिटांत मिळत नव्हता आणि फक्त फॉइल रूपातच छापला होता. योगायोगाने तो स्पर्धांत अत्यंत प्रबळ ठरला. आता खेळाडूसमोर पर्यायच नव्हता, कारण साधी प्रत अस्तित्वात नसल्यामुळे वाकणारा पत्ताच वापरणे भाग होते आणि वाकल्यावर तोच पत्ता त्याला गुन्हेगार ठरवत होता; अखेर पंचांनी स्पर्धेत त्याऐवजी बदली पत्ता द्यायचा, अशी तोड काढावी लागली. साध्या प्रतीचा पर्याय हेच फॉइलचे समर्थन होते, आणि तोच काढून घेतल्यावर ते समर्थन कसे कोसळते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

मध्यंतरी राखीव सूचीचा पेचही फॉइलपाशी येऊन थांबला होता. सूचीच्या नियमांत फॉइल प्रतींना सूट होती, आणि त्या फटीतून ‘मॉक्स डायमंड’ व ‘फिरेक्सियन निगेटर’ यांसारखे राखीव पत्ते २०१० मध्ये चकाकी लेवून पुन्हा बाजारात आले. त्याच वर्षी कंपनीने ती फट बुजवण्याचे जाहीर केले. बेगड लावले म्हणून पत्ता वेगळा होतो की तोच राहतो, या तात्त्विक वाटणाऱ्या प्रश्नाचा तो व्यावहारिक निवाडा होता: पत्ता तोच राहतो.

पुढचा टप्पा चौकटींच्या सजावटीचा आहे. २०१५ पासून काही संचांच्या पाकिटांत मूळ संचाबाहेरचे, वेगळ्या चौकटीचे आणि फक्त फॉइल असलेले पत्ते क्वचित सापडू लागले. त्यांतील ५४ पत्त्यांची ‘इन्व्हेन्शन्स’ ही मालिका २०१६-१७ मध्ये भारतीय वेशभूषा, नावे आणि वास्तुशैली यांवरून रचलेल्या ‘कलादेश’ नावाच्या काल्पनिक जगाच्या निमित्ताने निघाली आणि तिच्या चौकटीवर धातूच्या जाळीकामासारखी नक्षी होती. रोमन लिपीत ‘क’ आणि ‘का’ एकच दिसतात, त्यामुळे ते नाव ‘काला देश’ असेही वाचता येत असे. २०२५ मध्ये त्या जगात परतणाऱ्या संचात त्याचे नाव बदलून ‘आविष्कार’ करण्यात आले. कलादेशनंतरच्या ‘आमोनखेत’ संचातील तशाच मालिकेची अक्षरे इजिप्शियन वळणाची इतकी अलंकृत होती की पत्त्याचे नाव वाचणेच कठीण झाले, आणि प्रत्येक संचात अशी मालिका देण्याचा बेत त्यानंतर सोडून देण्यात आला. नक्षीने मजकूर गिळला की खेळाडू तक्रार करतो आणि संग्राहक मात्र फारसा करत नाही, हे त्या वेळी उघड झाले. दरम्यान २०१४ पासून दुर्मीळ पत्त्यांच्या तळाशी लहानसा लंबगोल होलोग्राम बसवण्यात येऊ लागला होता. त्याचा हेतू बनावट पत्ते ओळखता यावेत हा होता, म्हणजे चकाकी क्रेडिट कार्डावरच्या आपल्या मूळ कामाला परत लागली होती.

ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘थ्रोन ऑफ एल्ड्रेन’ संचाबरोबर ‘कलेक्टर बूस्टर’ हे केवळ संग्राहकांसाठीचे महाग पाकीट आले आणि त्यात फॉइल ही अपवादाची गोष्ट राहिली नाही. त्यानंतरच्या काही वर्षांत खोदल्यासारखा पोत असलेले, खरखरीत उठाव असलेले, आकाशगंगेसारखे ठिपके असलेले असे फॉइलचे प्रकार एकामागून एक निघाले. जे सर्वांकडे आहे त्याला चकाकी कितीही असली तरी दुर्मीळ म्हणता येत नाही, आणि म्हणून दुर्मिळतेला नवा आधार शोधावा लागला. तो आकड्यात सापडला. नोव्हेंबर २०२२ च्या ‘द ब्रदर्स वॉर’ संचात काही पत्त्यांवर प्रत क्रमांक छापून प्रत्येकाच्या फक्त ५०० प्रती काढण्यात आल्या; जून २०२३ मध्ये टॉल्किनच्या कादंबरीवर आधारलेल्या संचात ‘द वन रिंग’ या पत्त्याच्या एका खास रूपाची एकच एक प्रत जगभरातील पाकिटांत सोडण्यात आली. ती कॅनडात सापडली आणि अमेरिकन गायक पोस्ट मलोन याने ती विकत घेतली. वृत्तपत्रांनी दिलेली किंमत सुमारे २० लाख डॉलर होती. १९९९ च्या रँकॉरच्या फॉइलचे मोल तो पत्ता किती जण खेळतात यावर ठरत होते, या प्रतीचे मोल ती कोणीही खेळणार नाही या खात्रीवर उभे होते. पहिल्या प्रकारात बेगड खेळाला लावलेले होते, दुसऱ्यात खेळ बेगडाला चिकटवलेला आहे, आणि या दोहोंना एकाच छंदाचे नाव देणे आता अवघड आहे.

फेब्रुवारी २०२४ पासून मॅजिकच्या नेहमीच्या पाकिटाचा आराखडा बदलला आणि आता चौदा पत्त्यांच्या प्रत्येक पाकिटात किमान एक फॉइल निश्चित मिळते. उर्झाज लेगसीत शंभर पत्त्यांमागे एक फॉइल सापडत असे, त्याला त्या महिन्यात पंचवीस वर्षे पूर्ण झाली.